राधाबाईचा नवरा

"काका, तुमची बायको वारली. आता जरा रडा की," आवळे मॅडम काचेमागून माईकवर म्हणाल्या.

मी स्टुलावर बसलो होतो. समोर कॉटवर राधाबाई पडली होती. राधाबाई म्हणजे रबराची बाई. तिला नाडी होती, डोळ्यांची उघडझाप होती आणि यंत्र चालू असलं की छाती वर-खाली व्हायची. काचेमागच्या खोलीत मॅडमनी संगणकावर कळ दाबली की छाती थांबायची. मग ती मेली असं समजायचं, आणि मी तिचा नवरा व्हायचं.

"मॅडम, रडायला येत नाही," मी म्हटलं.

"का?"

"आत्ताच उपमा खाल्लाय."

भिंतीशी बसलेल्या मुली हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

"तोंडावर हात घ्या आणि खांदे हलवा. तेवढं पुरे. हातामागं काय चाललंय ते कोण बघतंय?"

मी तोंडावर हात घेतले आणि खांदे हलवले. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास." तो माझा पहिला दिवस. याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा राधाबाई नवी होती, तिच्या गळ्याजवळचं रबर अजून फाटलं नव्हतं.

मी मिरजेच्या एसटी डेपोत मेकॅनिक होतो. रिटायर झालो तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता आराम करा. तो थोड्याच दिवसांत करून संपला. माझी बायको इंदुमती, तिला दम लागायचा. तिला तपासायला घेऊन गेलो होतो तेव्हा दवाखान्याच्या बाकावर आवळे मॅडमनी मला पाहिलं. नव्या नर्स मुलींना शिकवायचं काम त्यांच्याकडं होतं. माझ्यासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "काका, तुमचा चेहरा अगदी नातेवाइकाचा आहे."

"कुणाच्या?" मी विचारलं.

"कुणाच्याही."

इंदू शेजारी बसली होती. ती म्हणाली, "घेऊन जावा की. घरी नुसता पंखा दुरुस्त करत बसतात. पंखा बिघडलेला नसतो."

असा मी कामाला लागलो. कॉलेज पास होऊन नोकरीला लागलेल्या मुलींना वॉर्डात सोडायच्या आधी काही आठवडे या खोलीत तयार करत. सुई टोचायची ती राधाबाईला, नाडी बघायची ती राधाबाईची. मला ते पटलं. डेपोत आम्हीही नव्या पोराला एकदम चालू गाडीखाली घालत नव्हतो. शेवटची परीक्षा मात्र राधाबाईची नव्हती, माझी होती. पेशंट गेला, डॉक्टर सांगून निघून गेले, आता नातेवाइकाजवळ जायचं ते नर्सनं. ते कसं जायचं आणि काय बोलायचं, त्याची परीक्षा.

फक्त एक गोष्ट मला शेवटपर्यंत गमतीची वाटली. त्या खोलीत जे नव्हतं ते तोंडानं म्हणायचं असे. बेसिन नव्हतं, म्हणून मुलगी आत आली की हवेत हात चोळून "हात धुतले" म्हणायची. पडदा नव्हता, म्हणून "पडदा ओढला" म्हणायची. म्हटलं की मॅडम मार्क द्यायच्या. एक मुलगी तर घाईत माझ्याकडं न बघताच "नातेवाइकाला धीर दिला" म्हणाली, आणि मला धीर मिळाला.

घरी गेलो की इंदू दारातच विचारायची, "आज मी कशानं मेले?"

"हार्टनं."

"परवा अपघातात मेले होते. हे बरं आहे. नीट रडलासा का?"

"रडलो."

"आणि उपमा?"

"आज पोहे होते."

"म्हणजे मला मारून वर पोहे खाऊन आलासा," ती म्हणायची आणि हसायची. हसताना मध्येच थांबून श्वास घ्यायची, मग राहिलेलं हसायची.

एका तुकडीत महानंदा बिराजदार होती. जत तालुक्यातली, उंच, दांडगी पावलं टाकणारी. सुई टोचण्यात पहिली. राधाबाईला पाणी पाजायच्या वेळी तिची मान हातावर अशी घ्यायची की मला वाटायचं, आता ही बाई गिळणार. पण शेवटच्या परीक्षेला ती आत आली, "हात धुतले, पडदा ओढला" म्हणाली, माझ्यासमोर स्टूल ओढून बसली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं विसरली.

"काका," ती म्हणाली, "जेवलासा काय?"

मी खरं तेच सांगितलं, "उपमा झालाय."

मुली हसून लोळायच्या बाकी होत्या. माईक खरखरला. "महानंदा, माणूस मेलंय, पंगत नाही बसली. बाहेर ये."

मॅडमनी तिला सगळ्यांसमोर समजावलं. मॅडम वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "नातेवाइकाचं दुःख तू मान्य केलं नाहीस, विषय बदललास. कुणाची बायको गेल्यावर त्याला जेवण विचारलंस तर एखादा थोबाडीत मारेल तुझ्या. मारलेलं बघितलंय मी. म्हणून वाक्यं ठरवून दिलीत. आपल्याला सुचत नाही तेव्हा ती उपयोगाला येतात."

दुसऱ्या वेळी महानंदानं सुरुवात चांगली केली. "मला फार वाईट वाटतंय" इथपर्यंत आली. मी खांदे हलवले. आणि ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "सकाळपासनं पोटात काय हाय का न्हाई तुमच्या?"

संध्याकाळी मॅडमनी तिला सांगितलं, आणखी एकच संधी. नाही जमलं तर नोकरी पक्की होणार नाही, घरी जायचं.

ती फाटकाशी माझी वाट बघत उभी होती.

"काका, माझ्या वडलांनी गावात चौकात फ्लेक्स लावलाय. माझा फोटो, वर टोपी घातलेला. 'सिस्टर महानंदा यांची मिरज येथे निवड.' खाली सगळ्या भावकीची नावं."

"मग?"

"मग मी परत गेले तर तो काढायचा कुणी?"

मी म्हटलं, "घरी चल. माझी बायको आहे. तिला विचारू."

इंदूनं सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाली, "यात काय अवघड आहे? मी मरते. तू बोल." आणि सोफ्याच्या शेजारच्या दिवाणावर जाऊन सरळ आडवी झाली, हात पोटावर, डोळे मिटून.

"काकू, असं नको," महानंदा म्हणाली.

"गप गं. मला दुपारी पडायचंच असतं. तेवढाच आराम. चल, हात धू."

त्या आठवड्यात महानंदा रोज संध्याकाळी यायची, आणि माझी बायको रोज मरायची. मी दिवाणाजवळ खुर्चीत बसायचो. महानंदा दारातून आत यायची, "हात धुतले, पडदा ओढला" म्हणायची, माझ्यासमोर बसायची. इंदू डोळे न उघडता शिकवायची.

"लई मोठ्यानं बोललीस. मी मेलेय, बहिरी न्हाई झाले."

महानंदा परत बोलायची. "काका, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय. मला फार वाईट वाटतंय. मी इथं तुमच्याजवळ आहे."

"हां. आता ह्यांचं वाक्य."

माझं वाक्य मॅडमनीच ठरवून दिलं होतं. "शेवटी तिला त्रास झाला का, सिस्टर?"

"नाही काका. शांतपणे गेल्या."

"आता रडा हो," इंदू म्हणायची. मी खांदे हलवायचो. "आता तू गप बस, पोरी. मनातल्या मनात मोज. घाई नको. त्याला रडू दे. मोज, मोज... हां, आता पाणी."

मग महानंदा उठून पाणी आणायची. अर्धं मी प्यायचो आणि अर्धं इंदू उठून प्यायची, मरून तिला घसा कोरडा पडायचा.

पण मधेच कुठंतरी महानंदाच्या तोंडून ते यायचंच. जेवलासा काय. आलं की इंदू टाळी वाजवायची, "मार्क गेले! पहिल्यापासनं."

एकदा चार वेळा तसं झालं तेव्हा महानंदा रडकुंडीला आली. म्हणाली, "काकू, आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजारची भाकरी घेऊन येतात. घरातली माणसं भान हरवून बसलेली असतात, तर आल्या-आल्या पहिलं तेच विचारतात. आजी गेली तेव्हा मला पण तेच विचारलं होतं शेजारच्या मावशीनं. दुसरं कोण काय बोललं, ते एक पण आठवत न्हाई मला."

इंदू उठून बसली.

"तुझं खरं आहे," ती म्हणाली. "पण मार्क त्याला नाहीत. एकदा नोकरी पक्की होऊ दे, मग कुणाला काय विचारायचं ते विचार. तोवर जीभ चाव." आणि परत आडवी झाली.

मी म्हटलं, "आता पुरे. दमली असशील."

"मेलेल्या माणसाला कसलं दमणं? हात धू गं."

हळूहळू ते सुटलं. आधी महानंदा त्या जागी अडखळायची, मग नुसती क्षणभर थांबायची, आणि शेवटी थांबेनाशी झाली. इंजिनाचा जुना आवाज गेला की कान तो शोधतो, तसं मला झालं. पण काम झालं होतं. इंदू दिवाणावरून म्हणाली, "आता मी सुखानं मेले."

परीक्षेच्या दिवशी महानंदा आत आली आणि एक अक्षर चुकली नाही. आवाज इंदूनं बसवून दिलेला, नजर माझ्या नजरेत, गप्प बसली तीही मोजून. मला वाटलं, आपणच ऐन वेळी कमी पडू. म्हणून मीही जीव लावून रडलो. फ्लेक्स डोळ्यांसमोर आणला, तिचा बाप शिडीवर चढून तो काढतोय असं बघितलं, आणि पाणी आलं डोळ्यांत. मॅडम काचेमागून उठून बाहेर आल्या.

"हीच का ती?" त्या मुलींना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "काका, आज अगदी खरं वाटलं हो."

त्या दिवशी इंदूनं शिरा केला. महानंदानं तिच्या पाया पडताना म्हटलं, "काकू, जेवलासा काय?" इंदूनं टाळी वाजवली, "गेले मार्क!" आणि तिघंही हसलो.

दिवाळीनंतर इंदूचा दम वाढला. चार पायऱ्या चढून ती कठड्याला धरून उभी राहायची आणि वर येताना कुणी भेटलं की, "काही नाही, जरा उन्हात उभी आहे," म्हणून सांगायची. जिन्यात ऊन येत नव्हतं. मग पायाला सूज आली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. बायकांच्या वॉर्डात महानंदाचीच ड्यूटी होती. इंदूला फार आनंद झाला. शेजारच्या कॉटवरच्या बायांना ती सांगायची, "ही बघा माझी सिस्टर. हिला मी मरून-मरून शिकवलंय." बाया घाबरून गप्प व्हायच्या.

त्या दिवशी सकाळपासून तिला बरं नव्हतं. मी घरून खिचडीचा डबा आणला होता, तो तसाच कॉटच्या खाली होता. डॉक्टर येत-जात होते. दुपारी त्यांनी मला बाहेर बोलावलं, दोन वाक्यं सांगितली, माझा खांदा दाबला आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. मी परत येऊन स्टुलावर बसलो.

महानंदा आली. बेसिनवर तिनं हात धुतले. खरेच धुतले, साबण लावून, आणि पुसता-पुसता सवयीनं पुटपुटली, "हात धुतले." मग कॉटभोवतीचा हिरवा पडदा ओढला आणि म्हणाली, "पडदा ओढला." दुसरं स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"काका," ती म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय. मला फार वाईट वाटतंय. मी इथं तुमच्याजवळ आहे."

फार मोठ्यानं नाही, फार हळू नाही. जसं बसवलं होतं अगदी तसं.

माझं वाक्य आलं. "शेवटी तिला त्रास झाला का, सिस्टर?" मी म्हटलं.

"नाही काका. शांतपणे गेल्या."

मी तोंडावर हात घेतले आणि खांदे हलवले. रडायला येत नव्हतं. हाताच्या आत अंधार होता आणि सकाळी लावलेल्या साबणाचा वास होता. पलीकडं महानंदा गप्प बसून मोजत होती, ते मला कळत होतं. मीही मोजत होतो. मोजून झालं.

मोजून झालं तरी ती उठली नाही. बराच वेळ गेला. हात काढून बघितलं तर ती माझ्याकडं बघत नव्हती, कॉटकडं बघत होती. मग मीही तिकडं बघितलं. इंदू सरळ आडवी होती, हात पोटावर, डोळे मिटलेले. आम्ही दोघं थांबलो होतो. "आता पाणी" हे वाक्य आमच्या दोघांत कुणाचंच नव्हतं, ते तिचं होतं.

ती काही बोलली नाही.

पडद्यापलीकडं कुणाचं तरी भांडं पडलं. महानंदाचं तोंड वाकडं झालं, ओठ हलले, आधी काही आलंच नाही. मग आलं.

"काका, जेवलासा काय?"

"मार्क गेले, पोरी," मी म्हटलं.

"जाऊ देत की."

मग मला रडायला आलं. खांदे हलवावे लागले नाहीत.

तिनं कुणाला तरी इंदूजवळ बसवलं आणि मला हाताला धरून नर्सांच्या खोलीत नेलं. स्वतःचा डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. माती व्हायच्या आधी घरच्यांनी खाऊ नये म्हणतात. मी खाल्लं. भूक लागली होती, सकाळपासून लागली होती आणि मला पत्ता नव्हता. भाकरी कडक होती, चावायला वेळ लागायचा, आणि चावत असताना काही बोलावं लागत नव्हतं. महानंदा समोर बसून राहिली. कुणीतरी दारातून तिला हाक मारली, तिनं हातानंच थांब म्हणून सांगितलं. पाणी तिनं तेव्हा दिलं. मग म्हणाली, "ताईचा नंबर सांगा, मी लावते," आणि पुण्याला माझ्या मुलीला फोन लावून दिला.

दिवस-कार्य झालं. मुलगी पुण्याला चला म्हणाली, मी नको म्हटलं. पंखा खरंच बिघडला, तो दुरुस्त केला. मग एक दिवस मीच आवळे मॅडमना भेटायला गेलो.

"काका, तुम्ही येऊ नका आता," त्या म्हणाल्या. "मी दुसरं कुणी बघते. तुम्हाला हे कशाला?"

"मला सगळं पाठ आहे, मॅडम," मी म्हटलं. "दुसऱ्याला पहिल्यापासून शिकवावं लागेल."

त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

नवी तुकडी होती. राधाबाईच्या गळ्याला चिकटपट्टी लावली होती. मुलगी आत आली, इस्लामपूरकडची होती. "हात धुतले, पडदा ओढला." समोर बसली. "काका, डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय. मला फार वाईट वाटतंय. मी इथं तुमच्याजवळ आहे."

मी तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कॉटच्या खाली डबा होता खिचडीचा. तो कुणी नेला का हो?"

मुलगी गोंधळली. असं वाक्य तिला कुणी दिलं नव्हतं. ती काचेकडं बघायला लागली. मी पुढं म्हटलं, "डबा राहू दे. झाकण तेवढं घट्ट बसत नाही त्याचं. सांडलं असेल."

माईक खरखरला.

"काका," मॅडम म्हणाल्या. मग थांबल्या. परत बोलल्या तेव्हा आवाज हळू होता. "काका, राग मानू नका. पण पहिल्यासारखं खरं वाटत नाही हो. मुलींना कळत नाही काय करायचं ते. ते तोंडावर हात घ्यायचं होतं ना, खांदे हलवायचं?"

"चुकलं, मॅडम," मी म्हटलं. "पहिल्यापासून घ्या."

मुलगी बाहेर गेली. काचेमागं मॅडमनी कळ दाबली. राधाबाईनं डोळे उघडले आणि तिची छाती वर-खाली व्हायला लागली. मी स्टूल तिच्याजवळ ओढलं आणि बसून राहिलो.